चावडीवरची महायुद्धाची पाटी: साफसफाई, दुरुस्ती आणि नावांचा शोध

महाड-पोलादपूर पट्ट्यात, साताऱ्यात, रत्नागिरीत आणि पुण्याकडे कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. मजकूर सगळीकडे जवळपास तोच. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नाव एकाचंही नाही. आमच्या गावच्या पाटीचं काम करताना वहीत लिहिलेल्या या नोंदी आहेत. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर आमचा गेलेला वेळ आणि पैसा तरी वाचेल.

१२ जानेवारी २०२५

पाहणी केली. पाटी अंदाजे दोन फूट बाय दीड फूट, चावडीच्या दर्शनी भिंतीत, कमरेच्या वर. अक्षरं इंग्रजी, कोरीव. दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी कुणीतरी ऑइलपेंटचा हात मारत आलंय: पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं काळी. रंगाचे इतके थर बसलेत की कोरीव अक्षर बोटाला लागतच नाही. खालचा डावा कोपरा तडकलेला, त्यात सिमेंट कोंबलंय. वरून गंजाचे दोन तपकिरी ओघळ. म्हणजे आत लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्या फुगल्यात.

रंगवलेल्या मजकुराप्रमाणे ४१ गेले, ५ मेले.

सगळ्या बाजूंनी फोटो काढले. संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून, प्रकाश तिरपा पाडून परत काढले. हे फोटो पुढे फार उपयोगी पडले, तुम्हीही काढाच.

२६ जानेवारी

ग्रामसभा. पाटी ग्रामपंचायतीच्या मालकीची, त्यामुळे ठरावाशिवाय हात लावायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. विषय दोन मिनिटांत होईल वाटलं, तासभर चालला. एकाचं म्हणणं, "साहेबाच्या लढाईची पाटी ती, तिच्यावर गावाचा पैसा कशाला?" दुसऱ्याला ती काढून तिथे नवीन, भगवी कमान असलेलं स्मारक हवं होतं. निवृत्त सुभेदार आबा तोपर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "लढाई साहेबाची आसंल, पोरं कुणाची होती?" ठराव झाला: पाटी आहे तिथेच दुरुस्त करायची, नावं मिळाली तर वेगळ्या फरशीवर लावायची. खर्च निम्मा पंचायत, निम्मी वर्गणी.

२ फेब्रुवारी

सूचनांचा पाऊस पडला. सगळ्यांत जास्त मतं संडास साफ करायच्या ॲसिडला. फरशीवाल्याकडून संगमरवराचा तुकडा आणून त्यावर चार थेंब टाकून दाखवले. फेस आला, आणि पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली, बोट फिरवलं तर खरखरीत. लिंबू आणि व्हिनेगरनेही तेच, फक्त हळू. संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याचाच दगड, आंबट काहीही त्याला खातं. तुकडा पाराजवळ ठेवून दिला. वाद तिथेच मिटला.

सँडपेपर, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांनाही बंदी. शंभर वर्षांत झिजलेली अक्षरं त्याने पंधरा मिनिटांत जातील.

९ फेब्रुवारी

रंग काढायला सुरुवात. पेंट रिमूव्हर जेल, लिटरला ३८० रुपये. कोपऱ्यात चार बोटं जागेवर लावून पाहिलं. वरचे थर सुटले, खालचा सगळ्यात जुना थर तसाच. जेलवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून अर्धा तास ठेवलं तेव्हा तोही फुगून आला. खरवडायला लाकडी पट्टी, अक्षरांच्या आत बांबूच्या काड्या (उदबत्तीच्या चालतात, पण लवकर मोडतात), मग मऊ ब्रश आणि भरपूर साधं पाणी. रबरी हातमोजे घालाच. एका पोराने नाही घातले, त्याच्या बोटांची कातडी सोलवटली. वास उग्र असतो, आमचं काम उघड्यावर होतं म्हणून जमलं.

दिवसभरात वरच्या दोन ओळी झाल्या.

१६ फेब्रुवारी

तिसऱ्या ओळीचा रंग निघाला आणि काम थांबलं. मेलेल्यांचा आकडा ५ नाहीच, कोरलेला आकडा ६ आहे. कुठल्या तरी रंगाऱ्याने सहाच्या पोटातली गोलाई अर्धवट भरली आणि पुढच्या प्रत्येकाने तोच पाच गिरवला. बारा जानेवारीचे तिरप्या प्रकाशातले फोटो काढून पाहिले, तर रंगाखाली ती गोलाई पुसट दिसतेय. डोळ्यांसमोर असून कुणाला दिसली नव्हती.

गाव इतकी वर्षं भाषणात पाच जवान म्हणत आलं. एक माणूस रंगाखाली गेला होता. त्या दिवशी पाराजवळ जरा जास्तच गर्दी जमली, आणि वर्गणीही बरी जमली.

२३ फेब्रुवारी

गंजाचे डाग. मुलतानी माती पाण्यात कालवून जाड लेप दिला. उन्हाने दोन तासांत सुकून पापुद्रे पडले, डाग तसाच. लेपाने डाग हळूहळू वर ओढून घ्यायचा असतो, झटपट सुकला तर काही उपयोग नाही. दुसऱ्यांदा लेपावर प्लॅस्टिक, त्यावर ओलं गोणपाट, आणि दोन दिवस तसंच. डाग फिका झाला, गेला नाही. तिसऱ्यांदा करून थोडा आणखी फिका. तिथे सोडलं. जुन्या पाटीवर थोडा डाग राहिला तर बिघडत नाही. तो काढायच्या नादात दगड खराब झाला तर बिघडतं.

माती ८० रुपये किलो, तीन किलो.

२ मार्च

नावांच्या शोधाला आज पद्धतशीर सुरुवात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिची नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते. भारतीय शिपायाच्या नोंदीत साधारण नाव, हुद्दा, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि बऱ्याचदा 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, जिल्हा' असं असतं. ही शेवटची ओळ आपल्या कामाची.

आडनावाने शोधलं तर हाती काही लागत नाही. तेव्हाच्या कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलंय. एकच जाधव चार तऱ्हांनी, चव्हाणाचा चवान, आणि कित्येकांचं आडनावच नाही, नुसता गणू नाहीतर सखाराम. गावाच्या नावानेही सुरुवातीला शून्य. मग लक्षात आलं की रायगड जिल्हा हे नाव १९८१ पासूनचं. तेव्हा तो कुलाबा जिल्हा. आणि आजच्या पोलादपूर तालुक्यातली गावं तेव्हा महाडात. 'जादा माहिती'च्या रकान्यात महाड आणि कुलाबा टाकलं तशी यादी धडाधड आली. निकाल तक्त्यात उतरवून घेता येतात, घ्या. मग एकेक ओळ मोठ्याने वाचायची. डोळ्याला न ओळखू येणारं गाव कानाला ओळखू येतं. हे काम आम्ही चौघांनी देवळात बसून केलं, म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आम्ही चुकतमाकत वाचलेलं गाव ते चटकन सांगतात.

८ मार्च

दोन नावं सापडली. नावं इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. गावात या आणि फरशीवर वाचा.

पहिला ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. ही आजच्या इराकातल्या टेसिफॉनच्या, तुर्कांविरुद्धच्या लढाईची पहिली तारीख. बगदाद जेमतेम दहा कोसांवर असताना सहाव्या पुणे डिव्हिजनला तिथून मागे फिरावं लागलं. दुसरा ११७ व्या मराठाजचा. तो त्या माघारीत वाचला आणि कुत-अल-अमारात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तुर्कांचा वेढा, शेवटी घोड्याचं मांस, जे आपल्या बऱ्याच शिपायांनी खायचं नाकारलं, आणि मग सुमारे तेरा हजारांची शरणागती. त्यानंतर कैद. भारतीय कैद्यांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं. आमच्या माणसाची तारीख त्याच काळातली.

दोघांचीही नोंद बसरा स्मारकावर. त्याबद्दल वाचलं तेव्हा आमच्या पाटीचा राग जरा कमी झाला. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या, कबर नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. तिथे इंग्रजांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, पण भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. म्हणजे तिथेही तेच. २०२१ साली कमिशनने चौकशी करून या भेदभावाची जाहीर माफी मागितली. स्मारकही आता मूळ जागी नाही. सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये ते बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं.

१५ मार्च

फसलेला दिवस. तिसरं नाव मिळालं म्हणून पोरांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. बापाचं नाव एका घराण्याशी जुळत होतं. त्या घरात लोक भेटायला गेले, पेढे वाटले. संध्याकाळी मूळ नोंद पुन्हा उघडली, तर तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. आमच्या गावाच्या नावाचं एक गाव तिकडेही आहे. त्या घरी जाऊन सांगायचं काम सरपंचताईंनी केलं. आजोबा म्हणाले, "मग त्याच्या गावाला तरी कळवा." कळवलं. तिथल्या ग्रामपंचायतीने आधी खोटा फोन समजून ठेवून दिला, दुसऱ्या वेळी ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून नियम: दोन वेगवेगळे पुरावे जुळल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही.

२२ मार्च

दुसरा पुरावा कुठून आणायचा? तालुक्याला जुने मृत्यूचे दप्तर आहे, मोडी लिपीत. वाचणाऱ्या गुरुजींना घेऊन गेलो. पटकीने मेलेले, साप चावून मेलेले, १९१८ च्या इन्फ्लुएन्झात घरंच्या घरं गेलेली, सगळं आहे, पण परदेशात मेलेला माणूस त्यात येतच नाही. गावात मृत्यू झाला तर पाटलाने नोंदवायचा, इतकाच त्याचा पसारा. जाणं-येणं आणि चहापाणी मिळून साडेसातशे गेले.

जुने फेरफारही पाहिले. वारस लावताना 'लढाईत मयत' असा शेरा असतो म्हणून ऐकलं होतं. आमचं गाव खोतीचं, बहुतेक शिपाई कुळं, जमीन खोताच्या नावे. कुळ मेलं तर फेरफार कशाला होईल? तुमचं गाव रयतवारीचं, म्हणजे जमीन थेट कसणाऱ्याच्या नावे असलेलं असेल तर मात्र हे दप्तर आधी बघा.

३० मार्च, पाडवा

आजचा दिवस भरून पावला. देवघरातल्या आणि ट्रंकेतल्या वस्तू दाखवायला आणा असं आवाहन केलं होतं. लोकांनी दुसऱ्या महायुद्धाची पदकं आणली, १९६५ आणि १९७१ ची आणली, एकाने रेशन कार्ड आणलं. आणि दोन गोष्टी कामाच्या निघाल्या.

पहिली, चांदीचं पदक, भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेलं, तीन पिढ्या पोरांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांची खरी माहिती तोंडावर नसते, कडेवर असते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. भिंगातून पाहिलं, ११४ वे मराठाज. आमच्या तक्त्यात या नंबरचा माणूस होता, पण गावाचं नाव इतकं मोडलेलं की आम्ही सोडून दिला होता. मृत्यू २९ ऑक्टोबर १९१८, शरकातच्या लढाईत. तुर्कस्तानशी युद्धबंदीवर सह्या झाल्या ३० तारखेला.

दुसरी, काशाची वाटावी अशी जड तबकडी, अर्ध्या वितीहून थोडी मोठी. बौद्धवाडीतल्या एका आजींनी आणली. घरात तिला 'राणीची तबकडी' म्हणतात आणि ती वर्षानुवर्षं पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून होती. वर बाई आणि सिंह. मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवायचं ते स्मृतिपदक, ब्राँझचं. त्यावर नाव असतं आणि हुद्दा मुद्दाम नसतो, सगळे मेलेले सारखे म्हणून. आजींनी आणि त्यांच्या सासूने चिंच-राखेने इतकं घासलंय की नाव जवळजवळ सपाट. पुन्हा तोच तिरपा टॉर्च. सहा अक्षरं लागली, बाकीची आजींनी सांगितली.

तो माणूस खेचरं हाकणाऱ्या तुकडीत होता. महारांची फौजेतली भरती इंग्रजांनी त्याआधीच बंद केली होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. मधल्या काळात ज्यांना बंदूक दिली नाही, त्यांना ओझी वाहायला आणि जनावरं हाकायला नेलं. नोंदवहीत तो सापडला, बसऱ्यालाच.

६ एप्रिल

पाटी भिंतीतून सोडवली. सिमेंट काढायला गवंडीकाकांना ड्रिल वापरू दिलं नाही, त्यावरून थोडी धुसफूस. हॅक्सॉचं पातं आणि बारीक छिन्नी, दीड दिवस. त्यांची मजुरी १,८००. लोखंडी पट्ट्या हाताने चुरल्या इतक्या गंजलेल्या. जागी स्टेनलेस स्टीलच्या चार पट्ट्या, ६४० रुपये.

परत बसवताना सिमेंट नाही. भिजवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. चुना महिनाभर आधी भिजत घातला होता म्हणून बरं, ऐन वेळी मिळत नाही. आमच्याकडच्या पावसात भिंत पाणी पिणार हे धरून चालायचं. चुना ते पाणी बाहेर सोडतो, सिमेंट दगडामागे कोंडून ठेवतं, आणि तडा तिथूनच जातो.

१३ एप्रिल

अक्षरं भरणं. आधी त्या फरशीच्या तुकड्यावर कोरून घेऊन चाचणी. ऑइलपेंटचं तेल दगडात शिरून अक्षराभोवती पिवळट कडा आली. ॲक्रिलिक काळ्याने नाही आली. बारीक कुंचल्याने भरायचं, बाहेर गेलेलं लगेच ओल्या फडक्याने पुसायचं. शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी केलं, एकही अक्षर वाकडं नाही. सहाचा आकडा त्यांनी सगळ्यात शेवटी भरला आणि दोनदा तपासला.

१६ एप्रिल

नव्या फरशीवरून बैठक. प्रश्न तीन.

नावं जुन्या पाटीवरच खाली कोरायची का? नाही. ती पाटी जशी लावली तशी राहू दे, तिच्यात नावं नाहीत हाही इतिहासच आहे.

क्रम कसा? एकाने शिपाई आधी आणि 'बाकीचे' खाली असं सुचवलं. बाकीचे म्हणजे एकच माणूस, खेचरवाला. सुभेदार आबांनी विचारलं, "दाणागोटा, पाणी, काडतुसं पुढं कोण नेत होतं?" मृत्यूच्या तारखेप्रमाणे क्रम, अक्षरं सगळ्यांची एका मापाची, हुद्दा नाही. नाव, बापाचं नाव, ठिकाण, तारीख. यात माझं मत विचाराल तर हाच या सगळ्या कामातला खरा निर्णय होता. रंग काय, तो कुणीही काढला असता.

तिसरा प्रश्न अडला. चार नावं मिळाली, दोन नाहीत. दोन घरांनी सांगितलं की त्यांचाही माणूस लढाईवर गेला तो आलाच नाही. खोटं बोलत नसावेत. पण पलटण माहीत नाही, पदक नाही, तक्त्यात जुळत नाही. एकाचा माणूस बोटीवर खलाशी असावा असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. तसं असेल तर त्याची नोंद फौजेच्या यादीत नाही, मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकात शोधावी लागेल. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथे आहे, आणि कोकणातली कितीतरी माणसं बोटीवर होती. मात्र पाटी त्याला सहांत धरते की नाही, हा वेगळा प्रश्न.

शेवटी: खाली दोन ओळींची जागा मोकळी. 'अज्ञात' असं कोरायचं नाही, कारण ती माणसं अज्ञात नव्हती.

२७ एप्रिल

फरशी आली. काळा ग्रॅनाइट, कोरीव, अक्षरागणिक १४ रुपये. कोरणाऱ्याने एका बापाच्या नावातला काना खाल्ला. मसुद्याच्या छापील कागदावर घरच्यांची सही घेऊन ठेवली होती, म्हणून त्याने कटकट न करता दुसरी फरशी दिली. ही सही विसरू नका.

१ मे

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेआधी फरशी उघडली. आजींनी नारळ फोडायला नकार दिला, म्हणाल्या आमच्यात नाही, मी फूल वाहते. वाहिलं. खेडच्या त्या गावातून तिघे आले होते, त्यांच्या चावडीवर पाटी नाही, नाव मात्र आता आहे. भाषणं लांबली. सुभेदार आबांनी सलामी दिली तेव्हा माइक बंद पडलेला होता, बरं झालं.

हिशेब ग्रामसभेत वाचला: पेंट रिमूव्हर १,५२०, माती-ब्रश-हातमोजे ९१०, चुना-वाळू ४५०, पट्ट्या ६४०, गवंडी १,८००, रंग २६०, फरशी कोरण्यासह ६,९००, प्रवास २,३००. एकूण १४,७८०. हारतुरे आणि मंडपाला आणखी सात हजार गेले, ते मला पटलेलं नाही.

२२ जून

पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला. जुन्या पाटीचे सांधे ओले दिसतात, पण ओघळ नाही, गंज नाही. डाव्या कोपऱ्यावर हिरवट शेवाळ धरायला लागलंय. ते ओलं असतानाच मऊ ब्रशने आणि नुसत्या पाण्याने निघतं, सुकलं की काळं होऊन बसतं. दर अमावास्येला घासायची पाळी आठवीच्या वर्गाकडे दिली आहे. पंधरा ऑगस्टला रंगाचा डबा घेऊन कुणी येऊ नये म्हणून चावडीच्या आत ठरावाची प्रत चिकटवली आहे.

खलाशाच्या घरून काल निरोप आला: माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, तिचं कुलूप गंजलंय. गणपतीला चाकरमानी आले की त्यांच्या समोर उघडू म्हणतात.